अगर देणारे छोटे तांबडे सागरी शेवाळ

केळीची ऊतिसंवर्धित रोपे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. प्रयोगशाळेत अशी रोपे वाढविताना त्यांचे पोषक माध्यम घट्ट करण्यासाठी बहुधा ‘अगर’ वापरतात. हा पदार्थ तांबड्या सागरी शेवाळांपासून मिळतो. वाळवून स्वच्छ केलेले शेवाळ पाण्यात उकळून गाळले असता, तो द्रव निवल्यावर थिजतो. तोच अगर होय. भारतात यासाठी उपयोगी पडणाऱ्या शेवाळांत ‘जेलिडिएला ॲसेरोसा’ ही छोटी जाती उत्तम प्रतीच्या अगराबद्दल प्रसिद्ध आहे.

हे शेवाळ साधारणतः बोटभर उंच वाढते. तारेसारखे चिवट धागे व त्यांच्या दोन्ही बाजूंस पिसाप्रमाणे फुटलेल्या बारीक फांद्या, असे त्याचे रूप असते. तमिळ किनाऱ्यावर त्यास ‘मरिकोळुंदु’, म्हणजे दवणा, असे म्हणतात. ओहोटीच्या रेषेजवळ, लाटांचा मारा बसणाऱ्या खडकांवर व मृत प्रवाळांच्या दगडांवर ते उगवते. रामेश्वर ते तूतुकुडी यांच्या दरम्यान मन्नारच्या आखातात २१ बेटे आहेत. त्यांच्या भोवताली ते विशेष आढळते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरही ते मिळते.

दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारा अगर बंद पडला, तेव्हा देशी शेवाळांकडे लक्ष वळले. पुढे मन्नारच्या किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांना शेवाळ गोळा करण्याचा रोजगार मिळाला. बोटांना चिंध्या गुंडाळून व पाण्यात बुडी मारून त्या शेवाळ खुडतात. १९८६ साली येथे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. बेटांभोवतीच्या तोडणीवर बंधने आली आणि या स्त्रियांच्या उपजीविकेचा प्रश्न निर्माण झाला.

हे शेवाळ आडव्या पसरणाऱ्या धाग्यांनी खडकास चिकटून राहते. वरचा भाग खुडून तळ राखल्यास त्यातून नवे धुमारे फुटतात. तळासकट खरवडल्यास मात्र खडक उघडा पडतो व तो पुन्हा भरून येण्यास फार काळ लागतो. हे जाणून पांबन परिसरातील स्त्रियांनी स्वतःच नियम घालून घेतले. महिन्यातील १२ दिवसच तोडणी करावी आणि माशांच्या विणीच्या हंगामात ती बंद ठेवावी, असे त्यांनी ठरविले. त्यांच्यापैकी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पारितोषिक मिळाले.

कुरणातील गवत बुंधा राखून कापले, तरच ते पुन्हा जोमाने फुटते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. समुद्रातील या चिमुकल्या कुरणासही तोच नियम लागू पडतो.