एका लाईटची दोन घराणी

बसा असे जवळ, आज लाईटची गोष्ट सांगतो. आपल्या पालमच्या शिवारात लाईट म्हणजे वीज. 'लाईट आली' एवढं कानी पडलं की माणूस हातातला घास ठेवून मोटार चालू करायला रानात निघतो, मग रात्रीचे बारा का वाजलेले असेनात. पण लेकरू शाळेत इंग्रजीचं पुस्तक उघडतं, तर तिथं दिव्याचा उजेड लाईट, कापसाचं बोचकं वजनाला हलकं तर तेही लाईट, आणि लुगड्याचा रंग फिकट तर तोही लाईटच! तिकडं चीनमधल्या पोराचीही हीच तारांबळ, कारण त्याच्या घरी उजेडाला ग्वांग, हलक्याला छिंग आणि फिकट रंगाला छ्येन असे वेगवेगळे शब्द.

बरं, इंग्रजांनी एकाच शब्दावर एवढं ओझं का टाकलं? तर त्यांनी ते टाकलंच नाही. उजेडाचा लाईट आणि हलका लाईट ही मुळात दोन घराणी. दोन निरनिराळ्या धातूंपासून निघाली आणि उच्चार झिजत झिजत तोंडावळ्यानं सारखी झाली. फिकट रंगाचा लाईट उजेडवाल्यांच्याच घरचा. आणि दोन्ही घराण्यांचे भाऊबंद आपल्याकडं नांदताहेत! उजेडाच्या लाईटचा भाऊ संस्कृतातला रुच्, म्हणजे चकाकणे. त्याचीच रुची, आणि आजीच्या हातचं वरण आपल्याला रुचतं तेही त्याच कुळातलं. हलक्या लाईटचा भाऊ लघु. त्या लघुला 'क' जोडून झालेल्या लघुकचं प्राकृतात लहुअ झालं, मग बोलता बोलता 'ल' आणि 'ह' यांनी जागा बदलल्या, हलुअ झालं, आणि तेच आपलं हलकं.

मग ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो कसा? १९७९ साली अमेरिकेतल्या डेव्हिड स्विनी यांनी एक प्रयोग छापला. माणसांना वाक्यं ऐकवली, त्यातल्या एकात 'बग' हा शब्द. इंग्रजीत बग म्हणजे किडाही आणि चोरून बोलणं ऐकायचं यंत्रही. आधी कोळी, झुरळं अशी नावं घेतलेली, म्हणजे बोलणं किड्यांचंच हे उघड. तरीही बग कानावर पडल्या क्षणी पडद्यावर 'मुंगी' दाखवा की 'हेर', माणसं दोन्ही शब्द चटकन ओळखत. बोलणं तीनच अक्षरं पुढं सरकलं, की हेराची चपळाई गेलेली, मुंगीची तेवढी शिल्लक. म्हणजे मन आधी सगळे अर्थ जागे करतं, आणि आपल्याला पत्ता लागायच्या आत नको ते निजवतं.

आपल्या भाषेत तर हे दिवसभर चालतं. पाळी कानाची असते, कालव्याच्या पाण्याची असते, गिरणीतल्या रात्रीची असते. पण 'पेरणीआधी एक पाळी मारून घे' म्हटलं की गडी कानाला हात लावत नाही, वखर जुंपतो.

म्हणून पोरांनो, इंग्रजी शब्द सुटा पाठ करू नका. 'लाईट बॅग', 'लाईट ब्लू' असा जोडीदारासकट उचला. नेमका अर्थ निवडायला मनाला शेजारच्या शब्दांचाच आधार लागतो, आणि नव्या भाषेत तो आधार आपण होऊन गोळा करावा लागतो.