न्यूट्रॉनांचा मारा आणि अगंज पोलाद

हुपरीच्या चांदी-कारागिरास धातुविज्ञानातील एक तत्त्व अनुभवाने ठाऊक असते. चांदीची तार बारीक छिद्रातून ओढीत गेले म्हणजे ती कठीण होत जाते आणि एका मर्यादेनंतर तुटते. मध्येच तापविल्यास ती पुन्हा मऊ होते. ‘कठीण’, ‘बळकट’ आणि ‘चिवट’ हे शब्द आपण बोलताना सैलपणे वापरतो. प्रस्तुत विषयात मात्र त्यांतील भेद पाळल्यावाचून गत्यंतर नाही.

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली कार्यान्वित झाल्या. त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. त्या पिढीतील अशा भट्ट्यांच्या अंतर्भागात ३०४ जातीच्या अगंज पोलादाचा वापर सर्रास होत असे. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर धरतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. ‘अगंज’ हा नञ्‌समास आहे खरा, परंतु त्यातील नकार सशर्त आहे, आणि ती अट म्हणजे क्रोमियम.

भट्टीतील वेगवान न्यूट्रॉनाची ऊर्जा दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. लोखंडाचा अणू स्फटिकातील आपल्या जागेवरून उडविण्यास सुमारे ४० पुरतात. त्यामुळे एका आघाताने अणूमागून अणू ढळतात. मागे रिक्त स्थाने उरतात आणि ढळलेले अणू इतरांच्या फटींत अडकतात. बहुतेक क्षणार्धात पुन्हा जागी बसतात. प्रश्न उरतो तो न बसलेल्यांचा. या हानीचे मापही मोठे अर्थवाही आहे: प्रत्येक अणू सरासरीने किती वेळा स्थानभ्रष्ट झाला, ती संख्या.

उरलेले दोष एकत्र येऊन सूक्ष्म वलये बनतात व स्फटिकांतील थरांचे सरकणे अडवितात. पोलाद कायमचे वाकविण्यास लागणारा ताण मूळच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. ताणले जाण्याची क्षमता मात्र घटते. आकड्यांवरून पाहता धातू सुधारला, असेच कोणासही वाटावे!

दुसरा परिणाम अधिक कपटी आहे. रिक्त स्थाने कणसीमांकडे वाहत जातात, आणि अणू त्यांच्याशी जागा बदलून उलट दिशेने सरकतात. या अदलाबदलीत क्रोमियम सर्वांत चपळ, म्हणून सीमेवर तेच कमी पडते. निकेल मंद, म्हणून तेथे साचते. संपूर्ण तुकड्याचे रासायनिक पृथक्करण केल्यास प्रमाण पूर्ववतच आढळेल. उणीव असते ती सीमेलगतच्या काही नॅनोमीटर रुंदीच्या पट्टीत. उष्ण पाणी, ताण आणि ही दुबळी पट्टी एकत्र आली म्हणजे तडा कणाकणांमधून वाट काढीत जातो.

याहून अधिक तापमानाच्या शीघ्र भट्ट्यांत रिक्त स्थाने साचून पोकळ्या बनतात व पोलाद चक्क फुगते. ब्रिटनमधील डूनरे येथील इंधननलिकांत ही गोष्ट १९६७ साली प्रथम प्रसिद्धीस आली. कल्पाक्कम येथील शीघ्र भट्ट्यांच्या पोलादाची निवड करतानाही तिचा विचार करावा लागला आहे.

मग हुपरीच्या कारागिराप्रमाणे तापवून हे दोष काढता येणार नाहीत काय? प्रयोगशाळेतील नमुन्यांत ते बऱ्याच अंशी निघतात. परंतु न्यूट्रॉनांमुळे निकेल व अल्पांश बोरॉन यांतून हेलियमही निर्माण होतो, आणि तो धातूतच अडकून राहतो. अशा पोलादास दुरुस्तीसाठी सांधजोड करू गेल्यास त्या उष्णतेने हेलियमचे बुडबुडे कणसीमांवर वाढतात आणि जोडाशेजारीच नवा तडा जातो.