उघडलेले दार पुन्हा लावता यावे म्हणून

आग लागलेल्या घराचे दार उघडणे म्हणजे खऱ्या कामाआधीची तयारी, असा समज सर्वसामान्यांत आहे आणि उपकरणे खरेदी करणाऱ्या कार्यालयांतही आहे. दार फोडायचे आणि पाणी मारायला लागायचे, एवढाच त्यामागचा हिशेब. मला वाटते, हा हिशेब अपुरा आहे. दार कसे उघडले यावर पुढच्या काही मिनिटांत आग कशी वागेल हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून दार उघडण्याच्या हायड्रॉलिक उपकरणाकडे निव्वळ ताकदीचे यंत्र म्हणून न पाहता आगीवर ताबा ठेवण्याचे साधन म्हणून पाहायला हवे. तसे पाहिले की त्याची देखभाल ही भांडारातली कारकुनी राहत नाही, अग्निशमनाचाच भाग होते.

याला आधार गेल्या दीड-दोन दशकांतल्या प्रयोगांचा आहे. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन खोल्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या धाटणीचे लाकूड-कापसाचे सामान होते, दुसरीत आजचे फोम आणि कृत्रिम धाग्यांचे. जुन्या सामानाच्या खोलीत सगळे एकदम भडकायला जवळपास अर्धा तास लागला. आधुनिक खोलीने चार मिनिटांच्या आत पेट घेतला. आधुनिक सामान इतक्या वेगाने जळते की बंद खोलीतला प्राणवायू लवकर संपतो. आग मंदावते, धुमसते, खोलीभर न जळलेला तापलेला धूर साचतो. नेमक्या या क्षणी जवान दाराशी पोचतात. दार सताड उघडले की ताजी हवा आत घुसते आणि शांत वाटणारी खोली एकदम पेटते. 2012 साली न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर, पाडायच्या असलेल्या रिकाम्या घरांत, तिथले अग्निशमन दल आणि संशोधक यांनी मिळून याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यानंतरच्या प्रशिक्षणात दारावर ताबा ठेवण्याला मोठे महत्त्व आले: पाण्याची नळी भरून तयार होईपर्यंत दार ओढून धरायचे, आत गेल्यावरही ते शक्य तितके लोटलेले ठेवायचे. पण ओढून धरायला दार शिल्लक असावे लागते. घणाने चिरफळ्या झालेले, बिजागऱ्यांतून निखळून आत पडलेले दार कोण लावणार?

इथे हायड्रॉलिक उपकरणाचा खरा उपयोग दिसतो. अमेरिकी जवान ज्याला 'रॅबिट टूल' म्हणतात ते हातपंपाचे छोटे यंत्र आत उघडणाऱ्या दारासाठी बनवलेले आहे. दाराची फळी आणि चौकट यांच्या फटीत, कुलपाच्या जरा वर किंवा खाली, त्याचे चपटे जबडे बसवतात. फट घट्ट असेल तर आधी पहारीने ती थोडी मोकळी करतात. मग दांडा मारत गेले की तेलाच्या दाबाने जबडे फाकतात. या प्रकारातल्या प्रचलित एकसंध यंत्राचा जोर 10,000 पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन असतो आणि जबडे सुमारे 10 सेंटिमीटर फाकतात. तत्त्व पास्कलचे आहे. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये घेतले. छोट्या दट्ट्यावरचा हाताचा जोर मोठ्या दट्ट्यावर कित्येक पट होतो, पण तितक्याच पटीने अंतर कमी होते. म्हणूनच हे काम हळू आणि मोजून होते. एकेका दांड्याला चौकट किती वाकली, कुलपाचा दांडा खोबणीतून किती सरकला हे दिसते, आणि हवे तिथे थांबता येते. दार आत झेपावू नये म्हणून दुसऱ्या जवानाने मुठीला पट्टा अडकवून तो धरलेला असतो. कुलूप हरते, दार मात्र बिजागऱ्यांवर राहते.

अनुभवी जवान यावर म्हणतील की हॅलिगन पहार आणि कुऱ्हाड असताना तेलाच्या यंत्राची गरजच काय? हा आक्षेप वजनदार आहे. न्यूयॉर्कच्या दलातले अधिकारी ह्यू हॅलिगन यांनी 1948 मध्ये घडवलेली ही पहार एकाच पोलादाची, बिघडण्यासारखे काही नसलेली, आणि सरावलेल्या जोडीच्या हातात विलक्षण वेगवान आहे. तिला पर्याय नाही, आणि प्रत्येक जोडीकडे ती असलीच पाहिजे. परंतु पहारीला घाव घालायला जागा लागते आणि बहुधा दोन माणसे लागतात. अरुंद, धुराने भरलेल्या जिन्याच्या वळणावर घण फिरवता येत नाही. आगीच्या वरच्या मजल्यावर ओळीने सहा-आठ सदनिका तपासायच्या असतील तर तिसऱ्या दारापर्यंत हात भरून येतात. अशा वेळी यंत्र माणसाची ताकद आत शोध घेण्यासाठी राखून ठेवते. दोन्ही साधने बरोबर न्यावीत. यंत्र अडले तर पहार हाताशी असते.

दुसरी अडचण आपल्या घरांची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. हे यंत्र एकच, आत उघडणारे दार असलेल्या घरांच्या मुलखात जन्मले. मुंबई-ठाणे-पुण्याच्या सदनिकांना बहुधा दोन दारे असतात: आत उघडणारे लाकडी दार आणि त्याच्यापुढे बाहेर उघडणारे लोखंडी जाळीचे 'सेफ्टी डोअर'. बाहेरच्या दारावर हे यंत्र त्याच्या ठरलेल्या पद्धतीने चालत नाही, कारण ते ढकलते आणि हे दार ओढायचे असते. तिथे पहारीचा काटा, कटर किंवा जबडे फाकवणारा मोठा स्प्रेडर लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडण्याची दारे बाहेरच्या दिशेने उघडायची असतात, म्हणून सभागृहांत आणि कार्यालयांतही हीच गत. खिडक्यांच्या गजांचे तर विचारूच नका. दिल्लीच्या अनाज मंडीत 8 डिसेंबर 2019 च्या पहाटे लागलेल्या आगीत 43 माणसे गेली, तेव्हा जवानांना खिडक्यांच्या जाळ्या कापून आत शिरावे लागले होते. तेव्हा परदेशी पुस्तिकेवरून यंत्र विकत घेऊन भागणार नाही. बाहेरच्या जाळीला काय, आतल्या दाराला काय, गजांना काय, हा क्रम आपल्या दलांनी आपल्या इमारती पाहून ठरवायला हवा.

आता देखभालीकडे येतो. हे यंत्र क्वचित वापरले जाते, आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या यंत्राचा बिघाड कुणाच्या नजरेत भरत नाही. तेलात हवा शिरली की दांडा मारताना तो स्पंजासारखा लागतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यामुळे पहिले काही दांडे नुसते हवा दाबण्यात जातात. सील झिजले असेल तर जबडे दाबाखाली हळूहळू मागे सरकतात. वर ज्या मोजून थांबण्याबद्दल लिहिले ते मग शक्यच होत नाही: दार अर्धवट वाकते, धुराला फट मिळते, आगीला हवा मिळते, माणसाला वाट मात्र मिळत नाही. म्हणजे नादुरुस्त यंत्राने काम नुसते लांबत नाही, ते बिघडते. किनारपट्टीवर यात खाऱ्या हवेची भर पडते. दट्ट्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचा एक खडबडीत ठिपका आला की प्रत्येक फेरीला तो सील कापत जातो. तेल कमी दिसले म्हणून गाडीचे ब्रेक ऑइल ओतणे हा तर यंत्राचा घात आहे. खनिज तेलासाठी बनलेले सील त्यात फुगतात आणि मऊ पडतात. उत्पादकाने सांगितलेले तेलच घालावे, दोन जातींची तेले एकत्र करू नयेत.

वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुणे, कोरडे करणे, जबड्यांच्या टोकांना तडा नाही ना हे बोट आणि नजर फिरवून पाहणे, एकदा पूर्ण उघडून मिटवणे, ही कामे दहा मिनिटांची आहेत. नळीने जोडलेल्या मोठ्या स्प्रेडर-कटरची तपासणी अधिक काटेकोर हवी. त्यांतला दाब बऱ्याच संचांमध्ये 700 बारच्या घरात असतो. नळीवर फुगवटा, चीर किंवा मुडपल्याची खूण दिसली तर ती बाजूला काढावी. अनेक उत्पादक दहा वर्षांनी नळ्या बदलायलाच सांगतात. जोडांवरची धूळटोपी हरवली तर नवी लावावी, कारण आत गेलेली बारीक कच झडपेत अडकते. स्प्रेडरची टोके पूर्ण आवळून न ठेवता किंचित उघडी ठेवावीत, म्हणजे आत दाब कोंडून राहत नाही. आणि गळती हाताने चाचपू नये. टाचणीएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार हातमोज्यातून कातडीखाली शिरते. जखम किरकोळ दिसते, दुखतही नाही फारसे, पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळतीचा संशय असेल तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. अमेरिकेत बचावसाधनांची निवड, निगा आणि देखभाल यांसाठी एनएफपीए 1937 हे स्वतंत्र मानक 2022 मध्ये आले. यंत्र कसे बनवावे याइतकेच ते कसे सांभाळावे हेही लिहून ठेवण्यासारखे आहे, हे तिथे मान्य झाले.

लहान नगरपरिषदांना हे परवडणार कसे, असे विचारले जाते. जिथे एकच बंब आणि मोजके जवान आहेत तिथे ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. पण खर्चाचा विचार करायचा तर हातपंपाचे यंत्र या सगळ्या कुटुंबातले सर्वांत साधे आहे: इंजिन नाही, बॅटरी नाही, वीज नाही. आता बॅटरीवरची साधने आली आहेत आणि ती चांगली आहेत, पण सील आणि तेल त्यांतही आहेच, शिवाय भारित बॅटरीची काळजी वाढते. खरे तर परवडत नाही ती सील-संच, तेल आणि सराव यांची तरतूद न करता केलेली खरेदी. निविदेत यंत्राची किंमत असते, पुढच्या दहा वर्षांच्या सुट्या भागांची नसते. हे बदलणे प्रशासनाच्या हातात आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

सरावाला दारे लागतात, आणि ती आपल्याकडे मुबलक आहेत. पुनर्विकासासाठी मुंबई आणि आसपासच्या शहरांत जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत. त्यांची दारे चौकटीसह, जाळीच्या दारासह, नाईट लॅच आणि कडी-कोयंड्यासह भंगारात जातात. पाडकाम सुरू होण्यापूर्वी एखादा आठवडा त्या इमारतीचे दोन मजले जवळच्या अग्निशमन केंद्राला वापरू द्यावेत. परवानगीच्या अटींत एवढी एक ओळ घातली, तर जवानांना लोखंडी चौकटीच्या कवायती दारावर नव्हे तर नेमक्या त्याच दुहेरी दारांवर हात बसवता येईल, ज्यांच्यापुढे उद्या रात्री त्यांना उभे राहायचे आहे. आणि महिनोन्महिने कपाटात पडलेल्या यंत्राचा दांडा स्पंजासारखा लागतो का, हेही त्याच आठवड्यात कळेल.