काठी बुडवून बघा, हात नको!

कोल्हापूरला गेलं की रंकाळ्यावर चक्कर होतेच. मैलापाण्यामुळे हा तलाव अनेकदा हिरवागार झालाय. उजनी धरणाचीही तीच तऱ्हा. सगळंच हिरवं घातक नसतं, म्हणून काठी बुडवा. केसांसारखे धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ. ऑइलपेंट फासल्यासारखी माखली, तर नील-हरित शेवाळाचा संशय घ्या आणि लांब राहा.

त्यातलं मायक्रोसिस्टिस यकृतावर घाव घालणारं विष तयार करतं. पाणी उकळून ते विष जात नाही, हे घरोघरी कळायलाच हवं! १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असं दूषित पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले.

असं पाणी अंगाला लागलं तर लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा. पुढे पुरळ, डोळ्यांची आग, उलट्या, जुलाब असं काही झालं, तर कुठल्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर साधा पोटबिघाड समजला जाईल. या विषावर नेमका उतारा नाही, लक्षणं बघून उपचार होतात. कावीळ किंवा श्वासाचा त्रास दिसला तर थेट हॉस्पिटल.

कुत्रं पाण्यात गेलं असेल तर तेही लगेच धुवा, कारण ते अंग चाटतं. लाळ गळली, झटके आले, तर तडक पशुवैद्यांकडे न्या.