वाळूवरची गाडी निवडताना

आधी वजन पाहा, ताकद नंतर. ब्रूस मेयर्सने 1964 मध्ये कॅलिफोर्नियात ‘मेयर्स मँक्स’ घडवली, ती फोक्सवॅगन बीटलचं इंजिन फायबरग्लासच्या हलक्या सांगाड्यात बसवून. फोर-व्हील ड्राइव्ह नव्हतीच. इंजिन मागे, म्हणजे भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर; शिवाय हवेने थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरची कटकट नाही. 1967 ची पहिली ‘मेक्सिकन 1000’ ही वाळवंटातली शर्यत मँक्सनेच जिंकली. हलकेपणाला याहून चांगला दाखला नाही.

आपल्याकडे याला जवळची म्हणजे मारुती जिम्नी: सुमारे 1200 किलो, जमिनीपासून 210 मिमी उंची, लो-रेंज गिअर. महिंद्रा थार दणकट आहे, पण जड. मऊ वाळूत मी जिम्नीच निवडेन. एटीव्ही, म्हणजे हँडलने चालणारी चारचाकी ऑफ-रोड बाइक, सर्वांत चपळ, मात्र आपल्याकडे ती सहसा रस्त्यासाठी नोंदवता येत नाही, ट्रेलरवरून न्यावी लागते.

वाळूत उतरण्यापूर्वी टायरमधली हवा 15–18 पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, रुतत नाही. परतताना हवा पुन्हा भरायला गाडीसोबत छोटा पंप हवाच, कारण तशा टायरवर डांबरी रस्त्यावर वेग घेणं धोक्याचं. चाक रुतलं तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका, फावड्याने वाळू काढा. जुनी गाडी घेताना चासीचा खालचा भाग टॉर्च लावून तपासा, खारं पाणी तिथूनच पोखरतं.

गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. कोकणातही वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे गाडी नेऊच नका.