बिशप कोलेन्सो : हिशेब तपासणारा धर्मगुरू

एखादे विधान मोठ्या अधिकाराच्या व्यक्तीने केले, तर ते तपासून पाहायचे की नाही? या टिपणात हा प्रश्न आपण एका अँग्लिकन बिशपच्या आयुष्यातून समजून घेणार आहोत. त्यांचे नाव जॉन विल्यम कोलेन्सो (१८१४–१८८३).

१. गणिताचे शिक्षक

कोलेन्सो यांचा जन्म इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत ते १८३६ साली दुसरे आले. पुढे हॅरो येथील शाळेत शिकवत असताना त्यांच्या घराला आग लागली आणि ते कर्जात बुडाले. ते कर्ज फिटण्यास त्यांच्या अंकगणित आणि बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकांनी मोठा हातभार लावला. ही पुस्तके इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचली होती.

२. नेटालचे बिशप

१८५३ साली त्यांची नेटाल येथे बिशप म्हणून नेमणूक झाली. आजच्या दक्षिण आफ्रिकेत असलेला हा प्रदेश तेव्हा ब्रिटिश वसाहत होता. तेथे ते झुलू भाषा शिकले, तिचे व्याकरण लिहिले आणि १८६१ साली झुलू-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. बायबलचे झुलूत भाषांतर करताना विल्यम न्गिडी हे झुलू गृहस्थ त्यांचे सहकारी होते. जलप्रलयाची कथा आली तेव्हा न्गिडी यांनी साधा प्रश्न विचारला : हे सारे खरोखर असेच घडले, असे तुम्ही मानता का? कोलेन्सो यांना प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता येईना.

३. एक उदाहरण

बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील आकडे त्यांनी तपासायला घेतले. सर्व मंडळी दर्शनमंडपाच्या दारापाशी जमली, असे एका ठिकाणी म्हटले आहे. दुसऱ्या ठिकाणी लढण्याजोग्या पुरुषांची संख्या ६,०३,५५० दिली आहे. मंडपाची रुंदी सुमारे १८ फूट. एका रांगेत ९ माणसे आणि दोन रांगांत दीड फूट अंतर धरू.

रांगा = ६,०३,५५० ÷ ९ ≈ ६७,०६१
लांबी = ६७,०६१ × १.५ ≈ १,००,५९२ फूट

म्हणजे सुमारे १९ मैल, जवळजवळ ३१ किलोमीटर! स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांत धरलेलेच नाहीत.

यावरून कोलेन्सो यांनी ईश्वर नाकारला नाही. हे ग्रंथ शब्दशः इतिहास म्हणून वाचता येत नाहीत, एवढाच त्यांचा निष्कर्ष होता. श्रद्धा आकड्यांच्या अचूकतेवर टांगून ठेवू नये, असे त्यांचे मत होते.

४. परिणाम

१८६२ पासून हे लेखन प्रसिद्ध होऊ लागले आणि खळबळ उडाली. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ साली त्यांना पदच्युत केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ साली ही कारवाई कायद्याने निरर्थक ठरवली. कोलेन्सो पदावर राहिले, पण चर्चमध्ये फूट पडली. त्यांना बहिष्कृत केले गेले आणि १८६९ साली त्यांच्याच प्रदेशासाठी दुसऱ्या बिशपला दीक्षा देण्यात आली.

५. तीच सवय, वेगळा विषय

१८७३ साली ह्लुबी जमातीचे प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर बंडाचा आरोप आला. बंदुकांच्या नोंदणीवरून हा वाद पेटला होता. खटल्यात खुद्द वसाहतीचे गव्हर्नरच न्यायासनावर बसले. शिक्षा झाली जन्मभर हद्दपारीची. कोलेन्सो यांनी साक्षी पुन्हा तपासल्या, झुलू साक्षीदारांशी त्यांच्याच भाषेत बोलून जबान्या नोंदवल्या आणि मुख्य आरोपांतील विसंगती दाखवल्या. १८७४ साली ते लंडनला जाऊन वसाहत मंत्र्यांना भेटले. शिक्षा सौम्य झाली आणि गव्हर्नरला परत बोलावण्यात आले. मात्र ह्लुबींचे मोडलेले संसार काही उभे राहिले नाहीत.

धार्मिक वादात जे गोरे वसाहतवासी कोलेन्सो यांच्या बाजूने होते, त्यांतील बरेच जण आता विरोधात गेले. तरी १८७९ साली इसांडल्वाना येथे ब्रिटिश सैन्याचा पराभव झाल्यावर, सूडाची भाषा चालू असताना, हे युद्ध अन्यायाचे आहे असे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. झुलू लोक त्यांना ‘सोबांतू’, म्हणजे लोकांचा पिता, म्हणत.

६. मूल्यमापन

कोलेन्सो साम्राज्याचे शत्रू नव्हते. ब्रिटिश न्यायावर त्यांचा दीर्घकाळ विश्वास होता आणि त्यांचे स्वतःचे पदही वसाहतीमुळेच होते. पण धर्मग्रंथाला लावलेली कसोटी त्यांनी सरकारी अहवालालाही लावली. सोयीचे तेवढेच तपासले असते, तर त्यांचे मित्र टिकले असते. उद्या तुम्हीही एखाद्या चाचणी अहवालावर सही कराल. त्यावर आधी कोणाची सही आहे हे पाहून आकडे तपासायचे सोडणार का?

स्वाध्याय
१. वरील उदाहरणात रांगेत ९ ऐवजी १०० माणसे धरून लांबी काढा. निष्कर्ष बदलतो का? कोणते गृहीतक निर्णायक आहे?
२. न्गिडी यांचा प्रश्न आणि ह्लुबी खटल्याची फेरतपासणी यांतील साम्य पाच वाक्यांत लिहा.