एइनिन कुंभाचें प्रकरण व जपानी मृत्पात्रांची परीक्षा

वस्तूवर सन कोरलेला आढळला कीं संशोधकाचें मन निःशंक होऊं लागतें. ताम्रपट व सनदा यांच्या बाबतींत हा मोह किती घातक आहे हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जपानी मृत्पात्रांच्या बाबतींतही तोच अनुभव आला आहे. त्याची हकीकत येथें देतों.

आइची प्रांतांतील सेतो हें गांव भांड्यांकरितां इतकें प्रसिद्ध, कीं 'सेतोमोनो' म्हणजे सेतोची वस्तु हें तिकडे भांड्यांचें सामान्यनामच होऊन बसलें आहे. इ. स. १९५९ मध्यें जुन्या सेतो घडणीचा एक उभट, अरुंद तोंडाचा मद्यकुंभ जपान सरकारनें 'महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ति' म्हणून जाहीर केला. त्यावर एइनिन ह्या कालनामाचें दुसरें वर्ष, म्हणजे इ. स. १२९४, कोरलेलें होतें. कामाकुरा काळांतील सनयुक्त भांडें अत्यंत दुर्मिळ. तेव्हां कालक्रमाचा एक पक्का खुंटाच हातीं आला असें वाटलें. शिफारस करणारे कोयामा फुजिओ हेही कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. 'सहा प्राचीन भट्ट्या' ही संज्ञा रूढ झाली ती त्यांच्यामुळेंच.

पुढें शंका निघाल्या. इ. स. १९६० मध्यें विख्यात कुंभकार काटो तोकुरो यांच्या थोरल्या मुलानें हा कुंभ आपण केल्याचें सांगितलें, व मागाहून खुद्द तोकुरो यांनीं तो आपलाच म्हटला! बापलेकांच्या ह्या वादानें निर्णय होणें शक्य नव्हतें. तो झाला झिलईच्या परीक्षेनें. क्ष-किरणांचा मारा केला असतां प्रत्येक मूलद्रव्य आपापले विशिष्ट किरण बाहेर टाकतें. स्ट्रॉन्शियम चुन्याच्या सोबतीनें व रुबिडियम पोटॅशियमच्या सोबतीनें येतें. म्हणून झिलईंत कोणती राख व कोणती माती पडली याचा सुगावा त्यांच्या प्रमाणावरून लागतो. कुंभांतील हें प्रमाण खऱ्या कामाकुरा भांड्यांशीं जुळेना. इ. स. १९६१ मध्यें आणखी दोन भांड्यांसह त्याचा दर्जा रद्द झाला व कोयामांस अधिकारपद सोडावें लागलें. घाट, अक्षर व रंग हीं कुशल हातास साधतात. सहाशें वर्षांपूर्वींची राख साधत नाहीं.

मात्र खोटा लेख दिसला कीं लबाडी ठरली, असेंही नव्हे. आरिता येथील सतराव्या शतकाच्या चिनी मातीच्या पात्रांच्या तळाशीं मिंग सम्राट चेंगहुआ (१४६५–१४८७) याच्या राजवटीची मुद्रा पुष्कळदां आढळते. ती चिनी कलेविषयींच्या आदरानें घातलेली असे. आमच्या मतें तिला कूटलेख म्हणणें अन्यायाचें होईल. उलट रोमन लिपींतील 'निप्पॉन' ही खूण अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळें १८९१ पासून निर्गत मालावर येऊं लागली. अशा पात्रास कोणी दोनशें वर्षांचें म्हणूं लागल्यास पुढें बोलणेंच नको. तीही खूण पुढें नकली मालावर उठविली गेली, ही गोष्ट निराळी.

ज्यांच्याजवळ यंत्र नाहीं त्यांनीं प्रथम पात्र उलटें करावें. तळाचें कडें बहुधा बिनझिलईचें असतें, व तेथेंच माती उघडी दिसते. वापरानें पडलेली झीज विषम असते. जेथें पात्र टेकतें तेथें ती अधिक, खळग्यांत जवळजवळ नाहीं. वाळूनें किंवा कानशीनें घासलेल्या कड्यावर ओरखडे एकाच दिशेनें जातात, आणि जेथें कधीं काहीं टेकलेंच नसेल अशा जागींही ते आढळतात.